पूजेतली सुरी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण लहानपणी ऐकतो आणि मोठेपणी पोरांना ऐकवतो. ज्यानं काढली त्याचा हेतू चांगलाच असणार. भाऊबंदकीच्या दाव्यात बुडालेली घरं त्यानं पाहिली असतील. पण या म्हणीच्या आड दडून आपण सज्जन माणसं काय काय करतो, ते एकदा बघायला हवं. शेजारी मारहाण चालली की आपण खिडकी लावून घेतो. रस्त्यात चार जण एकाला बडवत असले की पलीकडच्या बाजूनं जातो. आणि पोलीस दारात आलाच तर, "छे हो, मी नव्हतोच तिथं!"

मद्रासच्या जॉर्ज टाउनमधले व्यासराज असेच शहाणे होते. तरी ते कोर्टाची पायरी चढले, आणि चढले ते खोटं बोलायला. त्या दिवसापासून भीती त्यांच्या मानगुटीवर बसली ती उतरेना. ही त्यांची गोष्ट आहे. वाचताना त्यांना हसायची घाई करू नका; त्यांच्या जागी आपण काय केलं असतं, हे आधी स्वतःला विचारा.

व्यासराज कृष्णस्वामींच्या छापखान्यात प्रुफं तपासायचे. घराणं मूळचं तंजावरचं, आजोबांच्या वेळेपासून मद्रासेत. घरी जुनी मराठी, रस्त्यावर तमिळ, कामात इंग्रजी. तिन्ही भाषांतल्या चुका त्यांना सारख्याच टोचायच्या. बायको वारली होती. एकुलती एक मुलगी सरोजा, आणि तिचा नवरा राघोत्तम त्याच छापखान्यात कंपॉझिटर. लग्नाला आठ महिने झाले आणि तो तुरुंगात गेला.

झालं ते असं. सत्तावन्न सालच्या आयुधपूजेच्या दुपारी छापखान्यात सुब्बा नावाच्या हातगाडीवाल्याला लोखंडी दांड्यांनी मारण्यात आलं आणि तो जागीच मेला. पकडले गेले पाच जण. पहिला मालकांचा मुलगा नारायणस्वामी, तिघं यंत्रावरचे कामगार, आणि पाचवा राघोत्तम. पाचांच्या वतीनं कोर्टात एकच सांगण्यात आलं: सुब्बा चोरीला आला, सापडला तेव्हा सुरी काढून अंगावर धावला, आम्ही जीव वाचवायला मारलं. सुरी पोलिसांना प्रेताच्या उजव्या हातात मिळाली होती. ही सुरी छापखान्याची नव्हे, सुब्बानंच आणलेली, असं शपथेवर सांगायला साक्षीदार उभा राहिला तो व्यासराज!

खालच्या कोर्टानं ते मानलं नाही. "एका माणसाला आवरायला तेवीस घाव लागत नाहीत," असं जज्जसाहेब म्हणाले. नारायणस्वामीला फाशी आणि बाकी चौघांना जन्मठेप झाली. मग मालकांनी मोठा वकील देऊन हायकोर्टात अपील केलं. पाचांना मिळून वकील एकच होता.

अपिलाची तारीख लागायला आली तेव्हा एका सकाळी कृष्णस्वामींनी व्यासराजांच्या मेजावर एक जाडजूड पुस्तक आणून ठेवलं. खटल्याचे सगळे कागद छापून दोन्ही बाजूंना आणि न्यायमूर्तींना देतात, ते हे पुस्तक.

"बावीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या चुका काढताय," मालक तमिळमध्ये म्हणाले. "हे प्रुफासारखं वाचा. आपल्याला आड येईल असं काही दिसलं तर मला सांगा. सरकारी वकिलाच्या आधी आपल्याला कळायला हवं."

व्यासराज पेन्सिल घेऊन बसले. एक्केचाळिसाव्या पानावर महजर होता, म्हणजे आपल्याकडचा पंचनामा. एक चहावाला आणि एक लॉरी कंपनीचा कारकून असे दोन पंच. बिचाऱ्यांनी जे दिसलं ते लिहून दिलं होतं. 'लाकडी मुठीची सुरी, लांबी साडेनऊ इंच. पात्यावर रक्त. मुठीच्या टोकाला वाळलेला पिवळसर लेप, त्यावर तांबडा ठिपका. लेपाला तांदळाचा एक दाणा चिकटलेला.'

व्यासराजांनी पेन्सिल खाली ठेवली.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात, तशीच तिकडची आयुधपूजा. पण तिकडचा नेम फार कडक. पूजेत ठेवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा झाल्याशिवाय कुणी उचलायची नाही. छापखान्यात बाइंडरच्या सुऱ्या, टोचे, कात्र्या, पेन्सिल तासायचा चाकूसुद्धा, सगळं चौरंगावर मांडलेलं असायचं. पूजा व्यासराजच करायचे. प्रत्येक हत्याराला चंदन, कुंकू, वर अक्षता. त्या दुपारी अख्ख्या छापखान्यात पूजेबाहेर एकही पातं नव्हतं.

आणि म्हणूनच नारायणस्वामीला पूजेतलं पातं उचलावं लागलं. व्यासराजांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. प्रसाद वाटून ते हात धूत होते. मागच्या यंत्रांच्या खोलीतून "तिरुडन! तिरुडन!" म्हणजे चोर चोर असा गलका झाला. दोन महिने छापखान्यातून शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, चोरीला जात होते, त्यामुळे सगळ्यांचीच डोकी तापलेली. ते दारापर्यंत गेले. आत दांडे वरखाली होताना दिसले, कुणीतरी "अय्यो, सामी!" म्हणून ओरडताना ऐकू आलं. आणि व्यासराजांनी काय केलं? दार लावून घेतलं! थोड्या वेळानं तेच दार उघडून नारायणस्वामी बाहेर आला. शर्टावर रक्त होतं. त्यानं चौरंगावरची सुरी उचलली, व्यासराजांकडे एकदा पाहिलं आणि परत आत गेला.

ही गोष्ट आजवर त्यांच्या पोटात होती. आता ती छापून निघाली होती. दोन न्यायमूर्ती, सरकारी वकील, त्यांचे कारकून, सगळ्यांकडे हेच पान गेलं होतं. कुठला चोर आपल्या सुरीला चंदन लावून अक्षता वाहतो? हा प्रश्न एकाच्या जरी मनात आला तरी संपलं. आज आला नसेल, उद्या येईल.

"काही सापडलं?" संध्याकाळी मालकांनी विचारलं.

"नाही. काही नाही."

"बरं झालं." मालक जाता जाता थांबले. "व्यासराज, सुटले तर पाचही सुटतील. कुणी एक फुटला तर पाचही जातील. तुमचा जावईसुद्धा."

पुढचे पंधरा दिवस कसे गेले ते व्यासराजांनाच ठाऊक. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना! पोस्टमनची सायकल वाजली की समन्स आलं असं वाटायचं. कुणी खाकी कपड्यातला बसमध्ये शेजारी बसला की ते पुढच्या थांब्यावर उतरून पायी जायचे. प्रुफं वाचताना ओळी हलायला लागल्या. एका लग्नपत्रिकेत नवरदेवाचं नावच चुकीचं गेलं. देवपूजेला बसले की सहाणेवरच्या चंदनाकडे बघवेना.

"अप्पा, कपाळ रिकामें कां?" सरोजानं एकदा विचारलं. "चार दिवस झाले, गंध लावला नाहीं तुम्ही."

"विसरलों ग," ते म्हणाले आणि ताटावरून उठले.

शेवटी एका रविवारी दुपारी ते तिरुवल्लिकेणीला जनकोजीरावांकडे गेले. जनकोजीराव त्यांच्याच समाजातले. चाळीस वर्षं एका मोठ्या वकिलाचे गुमास्ते म्हणून काम करून निवृत्त झालेले. कायद्याची पदवी नव्हती, पण वकीलसुद्धा त्यांना विचारून पाऊल टाकायचे. म्हातारा तपकीर ओढत ओटीवर बसला होता.

"राव, एक विचारायचें होतें. न्यायमूर्ती अपिलाचीं सगळीं पानें वाचतात कां?"

जनकोजीरावांनी तपकिरीची डबी मिटली. "कुठलें पान त्यांनी वाचूं नये असें तुज वाटतें?"

व्यासराजांनी पुस्तक पुढं केलं आणि बोटानं ओळ दाखवली. म्हाताऱ्यानं ती दोनदा वाचली. चष्मा काढला.

"हें चंदन कुणी लावलें, व्यासराजा?"

"मीच."

"आणि कोर्टांत काय सांगितलास?"

व्यासराज भडभडून बोलू लागले. "मी काय करूं, राव? पोरगीचा संसार डोळ्यांपुढें होता! सगळे म्हणाले, जीव वाचवायला मारलें असें ठरलें तर सुटतील. कायदाच तसें म्हणतो. मग एका सुरीनें पाच जीव वाचत असतील तर..."

"थांब. कायदा काय म्हणतो तें मी सांगतों," जनकोजीराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण व्यासराज थांबले. "अंगावर मरण आलें तर हात उचलायचा हक्क कायदा देतो. खरें आहे. तुज देतो, मज देतो, त्या हातगाडीवाल्यालाही देतो. पण तो हक्क भय असेपर्यंतच. समोरचा पडला, हात रिकामे झाले, कीं तो हक्क संपला. त्यापुढचा प्रत्येक दांडा हा खून. आणि आणिक एक ऐक. आत्मरक्षणासाठीं मारलें असें जो म्हणतो, त्याला आधीं काय म्हणावें लागतें? होय, मीच मारलें! राघोत्तमानें तसें म्हटलें आहे कां?"

"वकिलानें पाचांच्या वतीनें..."

"वकील मालकाचा. मालकाला आपला पोरगा वाचवायचा आहे, त्याला चार हात जोडीला हवे आहेत. मी राघोत्तमाचें विचारतों. त्यानें मारलें कां?"

"ठाऊक नाहीं," व्यासराज हळूच म्हणाले.

"अय्यो!" म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला. "सासरा तूं, साक्षीदार तूं, आणि वर्षभरांत त्याला एकदां विचारलें नाहींस?"

विचारलं नव्हतं, कारण उत्तराची भीती होती. मारलं म्हणाला तर काय करायचं? आपणही असंच करतो, मंडळी. ज्या प्रश्नाचं उत्तर पेलणार नाही तो प्रश्नच विचारत नाही, आणि त्याला समजूतदारपणा म्हणतो.

"मी खरें सांगितलें तर मला कैद होईल, राव?"

"होईल. खोटी साक्ष दिलीस, ती कबूल केलीस, तर होईल. मी खोटा धीर देणार नाहीं तुला." जनकोजीराव उठले. "पण तूं आत्तां कुठें मोकळा आहेस? आधीं जेलांत जाऊन त्या पोराला विचार. मग माझ्याकडे ये."

सेंट्रल स्टेशनच्या मागं तुरुंग होता. जाळीपलीकडे राघोत्तम उभा राहिला. गालफडं बसली होती. डावा हात कोपराखाली किंचित वाकडा होता. त्या दुपारी मोडला तो नीट सांधला नव्हता. वकिलानं या हाताकडे बोट दाखवून कोर्टात किती वेळा सांगितलं होतं, पाहा, सुब्बानं यांच्यावर हल्ला केला!

"राघोत्तम, एकच विचारतों," व्यासराज म्हणाले. "त्या दिवशीं तुम्ही काय केलें?"

राघोत्तमनं शिपायाकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. "मी त्याला धरलें, मामा."

व्यासराजांनी जाळी घट्ट पकडली.

"मागच्या दारानें कुणी आंत आला. पाठमोरा होता. खिळे चोरणारा सांपडला असें वाटलें. मी मागून त्याला कवेंत आवळलें. बाकीचे दांडे घेऊन धावले. पहिला दांडा बसला, तो वळला, आणि मी तोंड पाहिलें. सुब्बा! आमची कागदाची रिमें ओढणारा सुब्बा! मी सोडलें, ओरडलों, सुब्बा आहे, मारूं नका! मधें हात घातला. नारायणस्वामीचा दांडा ह्या हातावर बसला." त्यानं वाकडा हात उचलला. "मग मी भिंतीशीं पडलों. पुढें मी कांहीं केलें नाहीं. मारलेंही नाहीं आणि वांचवलेंही नाहीं."

"आणि तो? त्याच्या हातांत कांहीं होतें कां?"

राघोत्तमचा चेहरा वेडावाकडा झाला. "लिंबू होतें, मामा. गाडीच्या चाकाखालीं ठेवायला आणलें होतें. पुढचें दार बंद होतें म्हणून मागून आला. गाडीला आपल्या पूजेंतलें चंदन लावून द्या, एवढें मागायला आला होता तो. पावम्! बिचारा! शेवटपर्यंत मुठींत लिंबूच होतें."

चंदन मागायला आलेल्या माणसाच्या हातात चंदन लावलेली सुरी दिली होती! मेल्यावर!

"मग हें कोर्टांत सांगितलें कां नाहीं तुम्ही?" व्यासराज जवळजवळ ओरडले.

"कसें सांगणार? तुम्ही साक्षीला उभे राहून सुरी सुब्बाची म्हणालांत. माझ्यासाठींच ना शपथ मोडलीत? मी खरें बोललों असतों तर पोलिसांनी तुम्हांला नेलें असतें. सरोजाला कोण मग? म्हणून गप्प राहिलों."

व्यासराज जाळीला धरून उभेच राहिले. जावई वाचावा म्हणून सासरा खोटं बोलला, आणि सासरा वाचावा म्हणून जावई गप्प राहिला. दोघांच्या भलेपणातून वाचणार कोण होतं? ज्यानं दांडा चालवला तो! आणि तोही वाचला नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथं चोरही सुळावर आणि संन्यासीही, आणि मेलेला तेवढा दरोडेखोर ठरला.

घरी येऊन त्यांनी सरोजाला सगळं सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. व्यासराजांना वाटलं, ही आता नवऱ्यासाठी रडेल.

"अप्पा," ती म्हणाली, "ती कुप्पम्मा, सुब्बाची बायको, आपल्याच गल्लींतल्या नळावर येते. मागल्या महिन्यांत रांगेवरून बोलाचाल झाली. चोराची बायको म्हणून मी सगळ्यांदेखत म्हटलें तिला. ती घागर तशीच घेऊन गेली." आणि मग ती रडली. "तुम्हांला ठाऊक होतें! वर्षभर ठाऊक होतें, आणि मला बोलूं दिलेंत!"

"मी भ्यालों, सरोजा."

"आणि आतां सांगितलें तर तुम्हांला नेतील?"

"नेतील. राघोत्तमालाही सोडतील असें नाहीं. सुब्बाला धरलें तर त्यांनीच."

सरोजाला भीती वाटत होती. एकटीनं या गावात राहायचं, नवरा आत, बाप आत. "मी राजसबाई आत्त्याकडे जाऊन राहीन," शेवटी ती म्हणाली. "तुम्ही सांगा."

जनकोजीरावांनी राघोत्तमला वेगळा, तरुण वकील मिळवून दिला. व्यासराजांचं प्रतिज्ञापत्र हायकोर्टात दाखल झालं आणि न्यायमूर्तींनी त्यांची साक्ष स्वतः घ्यायचं ठरवलं. छापखान्याची नोकरी त्याच दिवशी गेली. आता मालक गुंड पाठवणार, या धास्तीनं व्यासराजांनी दाराला आडणा घालायला सुरुवात केली. जरा खुट्ट झालं की ते उठून आडणा तपासायचे.

सुनावणीच्या आदल्या सकाळी दार वाजलं. मालकच होते, आणि एकटे होते. त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत आले आणि एवढा मोठा माणूस व्यासराजांच्या पायाशी बसला.

"माझं एकच पोर आहे," कृष्णस्वामी म्हणाले. "उद्या तुम्ही बोललात तर ते फासावर जाईल. तुम्हीही बाप आहात."

व्यासराज धमकीची तयारी करून बसले होते. रडण्याची त्यांनी तयारी केली नव्हती. हो म्हणून टाकावं आणि हा माणूस उठून जावा, असं त्यांना मनापासून वाटलं. मोठ्या कष्टानं ते बोलले.

"मालक, खोटं बोलून पाहिलंच की आपण. त्याला फाशी झाली ती माझ्या खोट्या साक्षीनंतरच झाली ना? आता खरं बोलून काय होतं ते मला ठाऊक नाही. पण तुम्हीही त्याला एकदा सांगून बघा. न्यायमूर्तींपुढं खरं बोल म्हणावं."

कृष्णस्वामी उठले. चपला घालून निघून गेले. व्यासराजांनी दार लावलं आणि तिथंच जमिनीवर बसले.

हायकोर्टाच्या त्या उंच दालनात शपथ घेताना त्यांचा आवाज फुटेना. दोनदा घ्यावी लागली. मोहोरबंद कापडी पुडकं फोडून सुरी त्यांच्यापुढं धरली. तांदळाचा दाणा केव्हाच गळून गेला होता, पण मुठीच्या चिरेत पिवळं अजून होतं.

"हे काय आहे?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"चंदन. मी लावलेलं."

"मुठीलाच का?"

"पात्याला लावलं तर गंज चढतो, साहेब. बाइंडर रागावतात. म्हणून मी नेहमी मुठीच्या टोकाला लावतो. छापखान्यातली दुसरी कुठलीही सुरी आणून पाहा. दरवर्षीचे थर दिसतील."

मालकांचे मोठे वकील उलटतपासाला उठले. "खालच्या कोर्टात तुम्ही देवाची शपथ घेऊन नेमकं उलटं सांगितलंत. एकदा खोटं बोललेल्या माणसावर या कोर्टानं आज विश्वास का ठेवावा?"

दालनात सगळे व्यासराजांकडे पाहू लागले.

"तेव्हा मी बोललो त्यात माझा फायदा होता," ते म्हणाले. "नोकरी राहणार होती, जावई सुटणार होता. आज बोललो तर कैद होणार आहे. यातलं कुठलं खरं धरायचं ते न्यायमूर्तींनीच ठरवावं."

मोठे वकील खाली बसले. त्यानंतर राघोत्तमनं, आपण सुब्बाला धरलं हेही न लपवता, जे घडलं ते सगळं सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी नारायणस्वामीनं आपल्या वकिलामार्फत कळवलं की सुरी त्यानंच प्रेताच्या हातात ठेवली.

निकाल महिन्याभरानं लागला. आत्मसंरक्षणाचं म्हणणं न्यायमूर्तींनी पाचांच्याही बाबतीत साफ फेटाळलं. मेलेल्याच्या हातात शस्त्र नव्हतं, तेव्हा आत्मसंरक्षणाचा प्रश्नच येत नाही, असं त्यांनी लिहिलं. नारायणस्वामीनं शेवटी का होईना खरं सांगितलं, म्हणून त्याची फाशी जन्मठेपेवर आली. तिघा कामगारांची जन्मठेप कायम राहिली. राघोत्तमवरचा खुनाचा आरोप रद्द झाला. पण खात्री न करता माणूस धरला आणि त्याला मारणाऱ्यांच्या हाती दिला, म्हणून तीन वर्षं सक्तमजुरी. आणि व्यासराजांवर खोट्या साक्षीचा खटला भरायचा हुकूम झाला. पुढं त्यांना सहा महिने साधी कैद झाली, ती त्यांनी भोगली.

निकालाच्या दिवशी ते दालनाबाहेर आले तर व्हरांड्यात कुप्पम्मा उभी होती. प्रत्येक तारखेला ती येऊन बसायची, हे त्यांना ठाऊक होतं, आणि प्रत्येक तारखेला ते दुसऱ्या जिन्यानं जायचे. आज तो जिना जवळच होता. पण त्यांना जाता येईना. तिच्यामागं जॉर्ज टाउनचे दहाबारा गाडीवाले उभे होते.

"इंग्रजीत काय वाचलं ते मला कळलं नाही," ती तमिळमध्ये म्हणाली. "किती वर्षं झाली कुणाला?"

व्यासराजांनी सांगितलं. तिनं मान हलवली. तिला ते नको होतं.

"माझ्या माणसाबद्दल काय लिहिलंय?"

"लिहिलंय, की सुब्बा चोर नव्हता. त्याच्या हातात शस्त्र नव्हतं."

"मोठ्यानं सांगा," कुप्पम्मा म्हणाली. "यांनाही ऐकू द्या. वर्षभर हे सगळे माझ्याकडे बघून खाली मान घालतात."

आजूबाजूला वकील होते, शिपाई होते. व्यासराजांच्या अंगाला कापरं भरलं. आणि कापत कापतच, हायकोर्टाच्या व्हरांड्यात, ते ओरडले, "सुब्बा चोर नव्हता! त्याच्या हातात शस्त्र नव्हतं! मी खोटं बोललो होतो!"

शिपाई त्यांना गप्प करायला धावला. कुप्पम्मानं पदरानं तोंड झाकलं आणि ती खाली बसली. गाडीवाल्यांतल्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं, आणि मग एकेक करून बाकीच्यांनीही काढलं.

वाचकहो, व्यासराज शूर झाले असं मी म्हणणार नाही. ते त्या दिवशीही भ्यालेलेच होते. भीती वाटणं हा गुन्हा नाही; ती वाटते तेव्हा हात उचलायचा हक्कही कायद्यानं आपल्याला दिला आहे. पण पाच जणांनी आपली भीती सहाव्याच्या डोक्यात घालायची आणि त्याला आत्मसंरक्षण म्हणायचं, हा खून आहे. आणि सातव्यानं दार लावून घेतलं, तर त्या खुनात त्याचाही हात आहे!